गाडीत कुणी मरत नाही

त्या बाईच्या नाकावर फ्रेम नीट बसत नव्हती म्हणून मी तिला हलू नका म्हटलं होतं, आणि न हलता माणसाला करता येण्यासारखं जे एकच काम उरतं ते ती करत होती, म्हणजे बोलत होती. कालच सफारीला जाऊन आलेली. सकाळी निघायचं, समुद्राकडे पाठ करून दोन तास आत जायचं, सिंह बघायचा आणि दिवेलागणीला परत. मी हूं हूं करत होते. चष्म्याच्या दुकानात केस पांढरे झाले की एवढं कळतं, गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकायचं नसतं, बोलताना त्याचे गाल हलतात तेव्हा फ्रेम कुठे सरकते तेवढं बघायचं असतं. "आणि आमचा गाइड म्हणजे काय माणूस हो!" ती म्हणाली. "डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे बिचाऱ्याची. पण बोलतो असा की नुसतं ऐकत राहावं." माझ्या हातातला छोटा पेचकस तिथल्या तिथे थांबला. अर्ध्या करंगळीचा सफारीवाला या शहरात एकच आहे आणि तो माझा नवरा आहे. बोलतो असा की ऐकत राहावं, ही मात्र मला बातमीच होती. घरी तो दाराला कडी घातली का विचारतो, मीठ कमी पडलं तर मागतो, आणि झोपेत कधीतरी खाकरतो. "एकट्याने वाढवलीय त्याने मुलगी," बाई आरशात मान वळवत म्हणाली. "तिची आई लहानपणीच गेली. आता पंचविशीची आहे, जनावरांची डॉक्टर होतेय. ठकीचं हे आणि ठकीचं ते, किती कौतुक! मला तर बाई रडूच आलं. रडल्याने नंबर वाढतो का हो?" मी म्हटलं, नाही वाढत. वाढत असता तर मला आज घरची वाटही दिसली नसती, हे काही म्हटलं नाही. काडी जरा वाकवली, तिच्या कानामागे बसवली, आणि छान दिसतेय असं सांगितलं. ती खूश होऊन गेली. मी काउंटरमागच्या स्टुलावर बसले आणि तोच पेचकस पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

ठकी हे नाव आमच्या घरात एकोणीस वर्षं कुणी घेतलेलं नाही. ती सहा वर्षांची होऊन गेली. सहात एकोणीस मिळवले की पंचवीस होतात, म्हणजे नवऱ्याने तिच्या वयात कुठे लबाडी केली नव्हती. दरवर्षी एक एक वर्ष वाढवत आणलं होतं, झाडाला पाणी घालावं तसं. कधी सुरू केलं असेल त्याने हे? पहिल्याच वर्षी, की मधेच कधीतरी, कुणीतरी सहज विचारलं म्हणून? लग्न झाल्या झाल्या तो माझ्याशीही बोलायचा, नाही असं नाही. गाडीवरच्या गमती घरी आणायचा. त्यांच्या धंद्याचा एक रिवाज होता, तो त्याने मला पहिल्याच महिन्यात सांगितला होता. कंपनीच्या पोस्टरवर एक फाटक्या कानाची सिंहीण होती. ती पोस्टर छापल्यावर वर्षभरातच मेली, पण शहरातून येणारा प्रत्येक जण तिचीच चौकशी करायचा. मग गाइड लोकांनी हात कपाळाशी नेऊन दूर बघायचं आणि म्हणायचं, आज ती टेकडीमागे आहे. दात तुटलेला हत्ती मेला, तो टेकडीमागे गेला. तळ्यातली थोरली मगर मेली, तीही टेकडीमागे. एका नव्या गाइडने न राहवून खरं सांगितलं, तर गाडीतल्या बायका हळहळल्या, कुणीतरी तक्रार केली, आणि त्याला महिनाभर गाड्या धुवायला लावलं. सुट्टीचा एकच दिवस घेऊन आलेल्या माणसाला मरण विकायचं नसतं, असं कंपनीचं म्हणणं. "गाडीत कुणी मरत नाही," नवरा म्हणायचा, आणि आम्ही दोघं हसायचो. मी जास्त हसायचे. त्या टेकडीमागे केवढी गर्दी झाली असेल असं मी म्हणायचे आणि तो मला आणखी दोन जनावरं मारून दाखवायचा.

आता त्या गर्दीत माझी मुलगी होती. नव्हे, ती तर टेकडीच्या अलीकडे होती, उजेडात, शिकत होती, मोठी होत होती. टेकडीमागे मी होते. तेवढंही नाही. मला त्याने सरळ मारूनच टाकलं होतं. ज्या गाडीत मगरसुद्धा मरत नाही त्या गाडीत मी तेवढी मेले, हे दुकानातून घरी येताना माझ्या डोक्यात घोळत राहिलं आणि मला चक्क हसू आलं. रस्त्यावरच्या फळवाल्याने वळून बघितलं. त्या संध्याकाळी नवरा आला, बूट काढले, हात धुतले, ताटावर बसला. मी समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होते. याच तोंडातून ती बाहेर पडते म्हणजे. रोज सकाळी इथून उपाशीपोटी निघते आणि दुपारपर्यंत पंचवीस वर्षांची होते. "काय बघतेस?" तो म्हणाला. "काही नाही," मी म्हटलं. नाकासमोर चालणारा माणूस, असं माझ्या माहेरी त्याच्याबद्दल बोलतात. मला इतकी वर्षं वाटत होतं की आम्ही दोघं एकाच मेलेल्या मुलीचे आईबाप आहोत, आणि बाकी काही नसलं तरी एवढं आमच्यात सामाईक आहे. ते तसं नव्हतं. मेलेली माझ्या वाट्याला आली होती. तिचे तापाने सुकलेले ओठ, तिचा एकच सापडलेला मोजा, शाळेच्या दप्तराचा तुटलेला बंद, हे सगळं मी सांभाळत बसले आणि जिवंत मुलगी हा घेऊन गेला. वेण्या कुणी घातल्या तिच्या? न्हाण आलं तेव्हा तिला कुणी समजावलं? वयात आलेल्या मुली आईशी भांडतात तसं ती कुणाशी भांडली? मी याच शहरात होते, दोन तासांच्या अंतरावर, रोज त्याचे शर्ट धुऊन देत होते.

ती गेली त्या दिवसाबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. ताप होता, साधाच म्हणाले होते, सकाळी तो गेला तेव्हा ती उठून बसलीही होती. दुपारी ती मला ओळखेनाशी झाली. इस्पितळातून मी त्याच्या ऑफिसात निरोप पाठवला, ऑफिसने वायरलेसवरून गाडीत पाठवला, तो त्याला पोचला. हे मला ऑफिसातल्या माणसाने शपथेवर सांगितलं आहे. गाडीत आठ माणसं होती, सकाळपासून सिंह दिसला नव्हता, आणि सिंह दाखवल्याशिवाय गाडी वळवायची नाही असा तिथला शिरस्ता. तो नेहमीच्या वेळेला आला. तोवर सगळं आटोपलं होतं. इस्पितळाच्या जिन्यात माझी बहीण, दीर, शेजारची दोन माणसं उभी होती, त्यांच्यादेखत मी त्याला एवढंच विचारलं, "दिसला का सिंह?" तो म्हणाला, "हो." बस्स. त्यानंतर त्याने तिचं नाव घेतलं नाही आणि मीही घेऊ दिलं नाही. जाऊ मागे एकदा म्हणाली की तू फार लागट बोललीस गं. बोलले असेन. माझं तेव्हा काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्याने गाडी वळवली असती तर ती वाचली नसती, हे डॉक्टरांनी सांगितलंय. पण तिने शेवटी बाबा म्हटलं होतं, आई नाही, आणि बाबा तळ्याकाठी उभा राहून परक्या माणसांना आयाळ दाखवत होता.

पुढच्या आठवड्यात दुकानाच्या मालकाला मी दाढ दुखतेय असं सांगितलं आणि बंदराच्या चौकातून सफारीची गाडी पकडली. का गेले? तमाशा करायला, असं मी स्वतःला सांगत होते. सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी ती मेलेली बाई. दोन रात्री वाक्यं जुळवली होती. नवरा गाडीच्या दाराशी उभा होता, मीच आदल्या दिवशी इस्त्री केलेल्या खाकी शर्टात. त्याने मला पाहिलं. ओळखलं नसेल असं कसं म्हणू, पण ताकास तूर लागू देईल तर शपथ. हात पुढे करून म्हणाला, "सांभाळून, ताई. पायरी उंच आहे." माझा हात त्याने किती वर्षांनी धरला कुणास ठाऊक, आणि धरला तो ताई म्हणून. मी घरातही त्याला अहो-जाहोच करते, त्यामुळे मला वेगळं नाटक करायची गरज पडली नाही. मागच्या बाकावर खिडकीशी बसले. गाडीत एक नवं जोडपं होतं, दोन पोक्त बहिणी होत्या आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक निवृत्त गृहस्थ होते, ते प्रत्येक गोष्टीला "असं का?" म्हणायचे. शहर संपलं, मीठ साचलेली सपाट जमीन लागली, मग काटेरी झुडपं, आणि नवरा बोलायला लागला. मी त्याचा आवाज विसरले होते. खाकरून खाकरून बसलेला घरचा आवाज नव्हे, त्याच्या आतला, लग्नाच्या वेळचा. जिराफाने पाय फाकवून पाणी कसं प्यावं ते त्याने स्वतःच्या पायांनी दाखवलं. बहिणी हसून लोटपोट झाल्या. मलाही हसू यायला लागलं आणि मी ते दाताखाली दाबलं. एवढं सगळं याच्याकडे शिल्लक होतं तर. घरी पै खर्च न करणारा माणूस बाहेर लोकांना मेजवान्या घालतो असं ऐकावं, तसं मला झालं. पोस्टरवरच्या सिंहिणीबद्दल जोडप्यातल्या मुलीने विचारलं. त्याने हात कपाळाशी नेला, उन्हात दूर बघितलं. "आज टेकडीमागे आहे," म्हणाला. सगळ्यांनी टेकडीकडे बघितलं. मीही बघितलं.

मधे चहाला थांबतात. तळ्यापासून जरा अलीकडे कुंपण घातलेली जागा, दोन झाडं, दुमडायच्या खुर्च्या. नवऱ्याने थर्मास उघडला, सगळ्यांना कप दिले, माझ्या कपात साखर घातली नाही. मी साखर सोडल्याचं तो विसरला नव्हता, किंवा चुकून राहिली असेल. निवृत्त गृहस्थ कप फुंकत म्हणाले, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" ते माणुसकीने विचारत होते, त्यांचा काही दोष नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. चोरून नाही, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं सरळ. आता म्हणेल, मी आणि बायको. तसं म्हणाला तर खरं बोलला असं होईल, मी जिवंत होईन, आणि ठकी तिथे त्या खुर्च्यांच्या मधोमध, माझ्या डोळ्यांदेखत, दुसऱ्यांदा मरेल. दोन रात्री जुळवलेली माझी सगळी वाक्यं त्या एका क्षणात पाण्यात गेली. नका म्हणू, असं मी मनात म्हटलं. खरं नका बोलू हो. "मुलगी आहे एक," तो म्हणाला. मी श्वास सोडला. "आणि मिसेस?" गृहस्थ म्हणाले. "ती गेली," नवरा माझ्याकडेच बघत म्हणाला. "मुलगी सहा वर्षांची असताना." आवाज जरासुद्धा हलला नाही त्याचा. यावर मी काय भांडणार होते? साल बरोबर होतं. दोघी बहिणींपैकी थोरली चुकचुकली. "फार गुणी होती," नवरा म्हणाला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. इतक्या वर्षांत माझं पहिल्यांदा कौतुक झालं आणि तेही श्रद्धांजली म्हणून.

"काय करते मुलगी?" हे कुणी विचारलं म्हणून मी आजूबाजूला बघितलं, तर मीच विचारलं होतं. नवऱ्याचा हात थर्मासच्या झाकणावर थांबला. मग त्याने ते हळूहळू फिरवून बंद केलं आणि सांगायला लागला, मला, आता फक्त मला. जनावरांची डॉक्टर होतेय. पुढच्या महिन्यात शेवटची परीक्षा आहे. घोड्याच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते, पण घरात पाल दिसली की खुर्चीवर चढते. हातांना सारखा स्पिरिटचा वास असतो. भात जास्त लागतो तिला, पोळी नको. चष्मा लागलाय गेल्या वर्षी, पण घालायचा कंटाळा. माझ्या मुलीला चष्मा लागला आणि मला कुणी कळवलं नाही. मला तिथल्या तिथे फ्रेम सुचायला लागल्या. जाड नको, जाड फ्रेममध्ये लहान चेहरा बुडून जातो. पण चेहरा लहान आहे का? नाक कुणासारखं झालं? सहाव्या वर्षी नाक कुठे ठरलेलं असतं. नाकाचं माप घेतल्याशिवाय मी फ्रेम कशी काढणार? हे मला त्याला विचारायचं होतं, पण इतर सगळे ऐकत होते, आणि परक्या बाईने एवढं खोलात शिरणं बरं दिसलं नसतं. मी दुसरंच विचारलं. "आईची आठवण काढते का?" बहिणींपैकी धाकटीने माझ्याकडे जरा रागाने बघितलं, असं विचारतात का कुणी? नवऱ्याने त्याच्या कपात उरलेला चहा गवतात ओतला. "नाव काढत नाही," तो म्हणाला. "रागावलीय." "कशाबद्दल?" "ते मी कधी विचारलं नाही." मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते देव जाणे, पण तेवढ्यात गाडीतला वायरलेस खरखरला, पुढच्या गाडीला तळ्यापाशी सिंह दिसला होता, आणि सगळे कप टाकून पळाले. नवराही पळाला. इतका चपळ तो घरी कधी नसतो.

सिंह होता. झुडपाच्या सावलीत आडवा पडलेला, माशा बसलेला, पोट वरखाली होत होतं म्हणून जिवंत म्हणायचं. नवऱ्याने अर्धी करंगळी ओठाला लावली आणि गाडीत सगळे गप्प झाले. कॅमेरे वाजत होते. मी सिंहाकडे नाही, नवऱ्याच्या मानेकडे बघत होते. मानेवरच्या सुरकुत्यांत धूळ बसली होती. त्या क्षणापर्यंत, मी कबूल करते, माझ्यात काहीतरी मऊ व्हायला लागलं होतं. वाटलं होतं, घरी गेल्यावर याला म्हणू, बसा जरा, सांगा आणखी. आम्ही दोघं मिळून तिला पुढे नेऊ, तिचं लग्न करू, किंवा नाही करू, तिला नको असेल तर. मग तो वळला आणि हळू आवाजात सगळ्यांना म्हणाला, "बघून घ्या. सावकाश. आपल्याला कुठे घाई आहे?" हेच तो त्या दिवशीही म्हणाला असणार. अशाच स्वरात, निरोप कानावर पडल्यानंतर, याच तळ्यावर. माझं जे काही मऊ झालं होतं ते तिथेच गोठलं. परत येताना लोक डुलक्या काढत होते. बंदराच्या चौकात त्याने प्रत्येकाला हात देऊन उतरवलं. मला म्हणाला, "पुन्हा या, ताई." मी त्याचा हात धरला नाही, आपली आपण उतरले.

मी आधी घरी पोचले. तो गाडी धुऊन मग येतो. मी स्वयंपाक केला, भात नेहमीपेक्षा जास्त टाकला आणि तो का टाकला याचा मला राग आला. तो आला, चपलांच्या फळीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बाहेर अंधार पडला होता, शेजारच्यांच्या खिडकीतून रेडिओचा आवाज येत होता. राग मला होताच, तो जाणार नव्हता, पण त्याहून काहीतरी मोठं होतं आणि ते मला गिळता येईना. त्याच्याकडे मी एकोणीस वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं. भिकाऱ्यासारखी त्याच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "परीक्षा कधी आहे तिची?" त्याने वर बघितलं. "कुणाची?" म्हणाला. मी म्हटलं, "ठकीची." त्या भिंतींनी ते नाव इतक्या वर्षांनी ऐकलं. तो नाडी हातात धरून तसाच बसला. चेहऱ्यावर ना चोरी, ना लाज. उलट काळजी होती, वेड लागत चाललेल्या माणसाकडे घरचे बघतात तशी. "अगं," तो अगदी हळू, समजूत घालत म्हणाला, "ठकी गेली ना." मग त्याने बूट काढला, फळीवर दुसऱ्या बुटाशेजारी नीट लावला, आणि हात धुवायला आत गेला. जेवताना त्याने मीठ मागितलं. मी दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात सकाळीच एक म्हातारं गिऱ्हाईक आलं, वाचायचा चष्मा न्यायला. बोलकं होतं. मला रात्रभर झोप नव्हती, पण डोकं लख्ख होतं. मी ठरवलंच होतं. त्याच्याकडे जर ती जिवंत असू शकते तर माझ्याकडेही असेल. त्याची मला गरज नाही. मला घोडा माहीत आहे, पाल माहीत आहे, स्पिरिटचा वास माहीत आहे, एवढ्या भांडवलावर मी माझी मुलगी चालवीन आणि तिच्या बापाला पहिल्या वाक्यात मारून टाकीन. म्हाताऱ्याने चष्मा लावून पेपरातली बारीक अक्षरं वाचून बघितली, समाधानाने मान हलवली, आणि गिऱ्हाइकं विचारतात तसं सहज विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं?" "मुलगी आहे एक," मी म्हटलं. सोपं होतं ते. "अरे वा. काय करते?" मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं, जिभेवर होतं, पण ते सगळं त्याचं होतं, त्यातली मुलगी माझ्या ओळखीची नव्हती. "पहिलीत आहे," मी म्हटलं. म्हाताऱ्याने चष्म्यावरून माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. सभ्य माणूस होता, त्याने नजर खाली घेतली आणि पेपरची घडी घालत म्हणाला, "छान. हे वय फार गोड असतं."